अलंकार कोणाचा?

मुलाकडे अमेरिकेत गेलो असता फ्लोरिडातील ऑरलँडोनजीकचे ‘डिस्नेज ॲनिमल किंगडम’ पाहण्याचा योग आला. २२ एप्रिल १९९८ रोजी, वसुंधरादिनी, हे उद्यान खुले झाले. येथे खरे हत्ती, सिंह, जिराफ मोकळ्यावर हिंडताना दिसतात आणि त्यांच्या जिवाला अपाय नको म्हणून आवारात फुगेसुद्धा विकत नाहीत. नातीला एक कापसाचा हत्ती हवा होता, म्हणून शेवटी आम्ही दुकानांकडे वळलो. आणि माझी पावले खिळली ती तेथेच.

बालीच्या कारागिरांनी कोरलेले रंगीत लाकडी प्राणी या दुकानांच्या दर्शनी भागांवर जागोजाग बसवले आहेत. आत शिरावे तर खांबांवर, छताखाली पुन्हा प्राणीच. आणि त्यांच्या खाली मांडणीवर विक्रीचे प्राणी, पेल्यांवरचे, सदऱ्यांवरचे, कापूस भरलेले. काम उत्तम आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. नाक मुरडण्यासाठी मी हे लिहीत नाही.

संस्कृतात ‘अलम्’ म्हणजे पुरेसे. जे आहे त्याला पुरेपण आणतो तो अलंकार. मग येथे पुरेपण कोणाला आले? दुकानाला, हे उघडच आहे. हत्तीला काय मिळाले? कोणी म्हणेल, या कंपनीचा वन्यजीव-संवर्धनाचा निधी १९९५ पासून चालू आहे. लाकडी हत्तीच्या ओढीने आलेला पैसा जिवंत हत्तीच्या उपयोगी पडतो. हे उत्तर मी उडवून लावत नाही. पण ते हिशेबाचे उत्तर आहे, आणि प्रश्न हिशेबाचा नव्हता. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांटने १७८५ मध्ये लिहिले. प्राण्यांना मात्र विवेक नाही म्हणून त्याने या नियमाबाहेर ठेवले. सजावटही तेच करते, फक्त गोड हाताने. तिच्यात सोंड असते, पट्टे असतात, लांब मान असते; ‘कोणी एक’ नसतो.

याला त्याच उद्यानात एक अपवाद आहे. मधोमध १४५ फूट उंचीचा कृत्रिम ‘जीवनवृक्ष’ उभा असून त्याच्या बुंध्यावर तीनशेहून अधिक प्राणी कोरलेले आहेत. काम चालू असताना जेन गुडॉल तेथे आल्या आणि यात चिंपांझी कुठे आहे, असे त्यांनी विचारले. त्यानंतर पायथ्याशी एक चिंपांझी कोरला गेला. तो कोणताही एक नव्हे, तर डेव्हिड ग्रेबिअर्ड. १९६० मध्ये टांझानियातील गोंबे येथे काडीने वारुळातील वाळवी काढून खाताना गुडॉलबाईंनी पाहिला होता तोच. प्राण्यांना अंक द्यावेत, नावे देऊ नयेत, असे तेव्हाचे विद्वान त्यांना बजावीत असत.

हे वाचून मला आपल्याकडचा बेंदूर आठवला आणि क्षणभर अभिमानही वाटला. आपण प्राण्याने घर सजवीत नाही, प्राण्यालाच सजवतो! शिंगांना रंग, अंगावर झूल, कपाळी बाशिंग, तोंडात पुरणपोळी. आणि प्रत्येक बैलाला नाव.

पण अभिमान फार वेळ टिकला नाही. अथणीकडील आमच्या गावी पाखऱ्या नावाचा बैल होता. वडिलांनी त्याला मुलासारखा वाढवला, असे सारेच म्हणत. १९७२ च्या दुष्काळात कडबा संपला, तेव्हा त्यांनी त्याला बाजारात नेले. घेणारा शेतकरी नव्हता, हे घरात सर्वांना ठाऊक होते. निघण्यापूर्वी आईने त्याला ओवाळले आणि वडिलांनी त्याच्या गळ्यातील घुंगुरमाळ सोडून घेतली. पुढे कित्येक वर्षे ती सोप्यातील खुंटीला लटकत होती. पाहुणे तिचे कौतुक करीत. पितळ चांगले होते. आई दर दिवाळीला चिंचेने घासून ती पुन्हा जागेवर लावी.