थंडीत गाडी, थंडीत मन



आजचं चिंतन गीतेच्या सहाव्या अध्यायावर. मन आवरत नाही, असं अर्जुन म्हणतो. भगवंत उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

यवतला पहाटेच्या थंडीत चावी फिरवली की कधीकधी नुसती टकटक होते. गारठ्यात बॅटरीची ताकद कमी होते, ऑइल घट्ट होतं. सारखा सेल्फ मारला तर उरलीसुरली बॅटरीही उतरते. आधी टर्मिनल बघायचे. सैल असतील तर आवळायचे, पांढरे क्षार साचले असतील तर पुसायचे. मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबल लावायची.

जपाचंही मला असंच वाटतं. मन लागत नाही म्हणून त्याच्यावर चिडू नका; काय साचलंय ते बघा. ते पुसणं म्हणजे वैराग्य. सत्संग म्हणजे केबल. वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी येते, पिठलं-भाकरीच्या पंगती बसतात, मन चार्ज होतं. पण नंतर गाडी उभीच ठेवली तर बॅटरी पुन्हा उतरणार! चालती ठेवली तरच अल्टरनेटर ती भरतो. रोजचं चालणं म्हणजे अभ्यास.

आज निदान एक माळ. मी बसतोय, तुम्हीही बसा.

राम कृष्ण हरी!