माझी पुस्तक

‘सर, माझी पुस्तक हरवली,’ सांगलीत माझ्या पहिल्याच आठवीच्या वर्गात एक मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मीही हसलो आणि चूक सुधारली. त्याच्या घरच्या दखनीत किताब स्त्रीलिंगी. हिशोब त्याचा बरोबरच होता. मला हे कळायला हवे होते, माझ्याही घरी तीच बोली. वर्षभर तो वर्गात बोलला नाही.

चूक दाखवणे शिक्षकाचे कर्तव्यच. पण तो हक्क त्याला मिळतो केव्हा? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. सर्व जातिधर्मांची मुले तिथे एका पंगतीला जेवत. रोज शेजारी जेवणारा हसला, तर ते तितके बोचत नसावे.

आता जूनमध्ये पहिला आठवडा मुले एकमेकांच्या घरचे शब्द विचारून लिहून घेतात. दोन धडे मागे पडतात, ते पडतातच.