खोडलेले निरीक्षण

अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वर या तालुक्याच्या गावी अकरावीचा विद्यार्थी साध्या लंबकाचा प्रयोग करू लागतो, तेव्हा त्याच्यापुढे साहित्य मोजकेच असते. स्टँडला बांधलेला दोरा, दोऱ्याच्या टोकाला धातूचा गोळा, एक मोजपट्टी आणि एक स्टॉपवॉच. गोळा किंचित बाजूला नेऊन सोडायचा, वीस आंदोलने मोजायची आणि लागलेल्या वेळावरून पृथ्वीचे गुरुत्वीय त्वरण काढायचे. अडचण इतकीच, की उत्तर त्याला आधीपासून पाठ असते. पुस्तकात 980 सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग असा आकडा छापलेला आहे.

समजा, त्याने एक मीटर दोरा घेतला आणि वीस आंदोलनांना 40.4 सेकंद लागले. गणित केल्यावर उत्तर येते सुमारे 968. तो हळूच 40.4 खोडतो आणि 40.1 लिहितो. उत्तर 982 होते आणि जर्नलवर सही मिळते. आमच्या विद्यार्थिदशेत आम्हीही हे केले आहे आणि त्या वेळी मनाला काही टोचले नव्हते.

यात वाईट ते काय, असा प्रश्न कोणी विचारला, तर उत्तर वाटते तितके सोपे नाही. कोणाचे काही लुबाडले नाही. शिक्षकांना खरी किंमत ठाऊक होतीच. शिवाय बदललेले उत्तर पुस्तकातील आकड्याच्या अधिक जवळ गेले. मग असत्य नेमके कोठे राहिले?

ते समजण्यासाठी पुन्हा त्या टेबलाशी जावे लागेल. लंबकाची लांबी दोऱ्याच्या गाठीपर्यंत धरायची नसते, गोळ्याच्या मध्यबिंदूपर्यंत धरायची असते. गोळ्याचा व्यास दोन सेंटिमीटर असेल, तर लांबीत आणखी एक सेंटिमीटर मिळवायला हवा. तेवढा मिळवून 40.4 सेकंदांचेच गणित करा, उत्तर 977 येते. म्हणजे वेळेचे निरीक्षण बरोबर होते, चूक लांबीत होती. विद्यार्थ्याने खोडले ते खरे आणि ठेवले ते चुकीचे. त्याहून मोठी हानी ही, की कोठे चुकले हे सांगू पाहणारा एकमेव साक्षीदार त्याने स्वतःच्या हाताने गप्प केला.

आणखी एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. गुरुत्वीय त्वरण सर्वत्र सारखे नसते. विषुववृत्तावर ते सुमारे 978 आणि ध्रुवांवर सुमारे 983 असते. 980.665 हे प्रमाण मूल्य 1901 साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरविले आणि ते साधारणपणे 45 अंश अक्षांशाला जुळते. नांदगाव खंडेश्वर 21 अंशांच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथील अक्षांश आणि उंची धरून सूत्राने येणारी किंमत सुमारे 978.6 आहे. शाळेच्या स्टॉपवॉचला हा फरक टिपता येणार नाही, हे खरे. तरीही 980 हा आकडा जसाच्या तसा उतरवणारा मुलगा आपल्या पायाखालच्या मातीविषयी काहीच सांगत नसतो.

उत्तर ठाऊक असतानाही न जुळणारा आकडा जपणारी माणसे होऊन गेली आहेत. सतराव्या शतकात इटलीतील बोलोन्या नगरात येशूसंघीय धर्मगुरू रिच्योली यांना प्रत्येक सेकंदाला एक हेलकावा घेणारा लंबक हवा होता. त्यासाठी त्यांनी आपल्या संघबंधूंना पाळीपाळीने बसवून चोवीस तास हेलकावे मोजून घेतले. दिवसाचे सेकंद 86,400, हेलकावे भरले 87,998. एवढ्या जागरणाचे फळ असे फसलेले. रिच्योलींनी तो आकडा दडवला नाही. पुढील प्रयत्नांसह तो आपल्या 1651 सालच्या ग्रंथात छापला. पडणाऱ्या वस्तूंविषयी गॅलिलिओचे म्हणणे तपासताना, ते खोटे ठरेल अशी त्यांची अपेक्षा होती. गॅलिलिओचा नियम खरा निघाला, तेव्हा तेही त्यांनी तसेच नोंदविले.

आपल्या देशातही हे घडले आहे. कन्याकुमारीपासून हिमालयाकडे जाणारी भूमापनाची मुख्य रेषा 78 रेखांशाच्या आसपासने वऱ्हाडातून गेली. ती आखण्यास आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन 1823 साली जवळच्याच हिंगणघाटला वारले. पुढे 1865 पासून कॅप्टन बसेवी यांनी या रेषेवरील ठाण्यांवर लंबक नेऊन गुरुत्वाचे मापन केले. 17 जुलै 1871 रोजी लडाखच्या पठारावर हेच काम करीत असताना त्यांचा अंत झाला. पर्वताच्या प्रचंड राशीमुळे तेथे जेवढी ओढ अपेक्षित होती, तिच्याहून पुष्कळ कमी ओढ त्यांच्या लंबकाने दाखविली. ती निरीक्षणे अपेक्षेप्रमाणे 'सुधारली' असती, तर पर्वतांखालचा भूभाग तुलनेने हलका असतो या विचाराला मिळालेला आधार हरवला असता.

प्रयोगशाळेतली ही सवय प्रयोगशाळेत राहत नाही. पिकाची पैसेवारी ठरविताना आकडा आधी आणि शेताची पाहणी मागाहून झाली, तर कोरड्या पडलेल्या शिवारातला दुष्काळ कागदावर येतच नाही. कापूस उत्पादकाच्या घरात त्याची किंमत मोजली जाते. आकडा बदलणारा हात कदाचित दुष्टही नसतो. उत्तराला निरीक्षण जुळवून घ्यायचे असते, एवढेच तो पूर्वी कधीतरी शिकलेला असतो.

अंतर्मनाचा हिशेब मांडतानाही आम्ही पुष्कळदा असेच करतो. आपण भले आहोत हे उत्तर ठरलेले असते, मग दिवसभरातील न जुळणारा प्रसंग आम्ही अलगद खोडतो. तो राहू दिला असता, तर चूक कोठे आहे हे त्यानेच दाखविले असते.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. मुलाने 968 हे उत्तर घरी आणले, तर पुस्तकात किती दिले आहे, असे त्याला विचारू नका. गोळ्याची त्रिज्या धरलीस का, असे विचारा. आणि शिक्षकबंधूंनी व भगिनींनी, खोडाखोड नसलेल्या चुकीच्या उत्तराला दोन गुण अवश्य द्यावेत.