धीर आणि शिधा

आषाढांत मालवणच्या किनाऱ्यावर झावळांनीं शाकारलेल्या होड्या पाहिल्या म्हणजे मला दक्षिण ध्रुवाहून परतणाऱ्या कॅप्टन स्कॉटचा तंबू आठवतो. १९१२ चा मार्च. पुढील शिधासाठा अवघ्या ११ मैलांवर. पण हिमवादळ थांबेना. स्कॉट, विल्सन व बॉवर्स यांचा तंबूंतच अंत झाला. त्यांस धैर्य उणें होतें असें कोण म्हणेल? उणें पडलें तें अन्न आणि इंधन.

आमचा गाबीतही नारळी पौर्णिमेची वाट पाहतो. परंतु त्याच्या घरीं सुक्या मासळीची बेगमी असते. ज्या घरीं ती नसते, तेथें वाट पाहणें हा सद्गुण नसून उपवास होय. म्हणून दुसऱ्यास ‘धीर धरा’ असें सांगण्यापूर्वीं त्याच्या चुलीकडे पाहणें, हें आपलें पहिलें कर्तव्य आहे.