कृपेत पडणारी भर

माणसाचे तारण देवाच्या कृपेनेच होते, ते कर्मांनी मिळवता येत नाही, ही ख्रिस्ती शिकवण उघडपणे नाकारणारे चर्चच्या इतिहासात थोडेच आढळतात. तिला धोका पोहोचला तो बहुधा तिला मान देऊन वर एखादी अट जोडणाऱ्यांकडून. पहिल्या शतकातील गलतियाचा वाद हे याचे सर्वांत जुने आणि सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

गलतिया हा आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागातील प्रदेश. प्रेषित पौलाने तेथे यहूदी नसलेल्या लोकांना सुवार्ता सांगून मंडळ्या उभ्या केल्या. तो पुढे निघून गेल्यावर तेथे दुसरे उपदेशक आले. ख्रिस्त, क्रूस, विश्वास हे सगळे त्यांना मान्यच होते. परराष्ट्रीयांनी सुंताही करून घ्यावी आणि मोशेचे नियमशास्त्र पाळावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मागणी वरकरणी वाजवी होती. अब्राहामाशी झालेल्या कराराची खूण सुंता होती आणि येशू स्वतः यहूदी होता. पौलाला मात्र त्यात सुवार्तेचा शेवट दिसला. इतर बहुतेक पत्रांच्या आरंभी तो वाचकांबद्दल देवाचे आभार मानतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अभिवादन संपताच तो त्यांना फैलावर घेतो. वेगळी सुवार्ता सांगणारा स्वर्गातील दूत असला तरी तो शापित असो, असे तो बजावतो आणि हाच नियम स्वतःलाही लावतो. सांगणारा किती मोठा आहे, यावर संदेशाचे खरेपण ठरत नाही, असा त्याचा अर्थ.

अंत्युखियातील प्रसंगात याची कसोटी लागली. पेत्र तेथे परराष्ट्रीय ख्रिस्ती लोकांच्या पंक्तीला बसत असे. यरुशलेमहून तेथील मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच तो मागे सरला, आणि त्याचे पाहून पौलाचा सहकारी बर्णबाही सरला. पेत्राने शिकवणीतले एक अक्षरही बदलले नव्हते, बदलली होती ती केवळ बसण्याची जागा. तरी पौलाने त्याला सर्वांसमक्ष सुनावले. पंगतभेदाची धार ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या रागाचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही. नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचे मरण विनाकारण ठरते, हा पत्रातील युक्तिवाद याच प्रसंगाच्या ओघात येतो.

पौलाचा विरोध विधीला नव्हता, हेही ध्यानात घ्यावे लागते. प्रेषितांच्या कृत्यांनुसार त्याने आपला सहकारी तीमथ्य याची सुंता स्वतः करविली. दुसरा सहकारी तीत याच्या सुंतेला मात्र तो तयार झाला नाही, कारण तेथे ती अट म्हणून मागितली जात होती.

पाचव्या शतकात प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. ब्रिटनमधून रोमला आलेला पेलागियस हा तपस्वी, सदाचारी माणूस होता. देव जे आज्ञापितो ते करण्याचे बळही देवानेच द्यावे, अशा आशयाची उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीनची प्रार्थना त्याला खटकली. तिने लोक आळशी होतील, ही त्याची भीती अगदीच निराधार नव्हती. ऑगस्टीनचे उत्तर असे, की इच्छाच बिघडलेली असल्यामुळे केवळ आज्ञा सांगून भागत नाही. आधी इच्छा मोकळी व्हावी लागते. 418 च्या कार्थेज परिषदेने पेलागियसची मते नाकारली. पहिले पाऊल माणसाचे आणि पुढचे साहाय्य देवाचे, ही मधली वाट मात्र काहींना पटत राहिली. 529 मध्ये ऑरेंजच्या परिषदेने तीही बंद केली: विश्वासाचा आरंभसुद्धा कृपेचाच. दुर्दैव असे, की मध्ययुगाच्या उत्तरार्धात हे ठराव विद्वानांच्या हाती जवळजवळ नव्हतेच.

त्यामुळे गाब्रिएल बील यांच्यासारखे धर्मपंडित शिकवू शकले, की आपल्या परीने होईल तेवढे करणाऱ्याला देव कृपा नाकारत नाही. हे वाक्य दिलासा देणारे वाटते. पण आपण होईल तेवढे केले, हे माणसाने ठरवायचे कसे? मठात राहणाऱ्या मार्टिन ल्यूथरला याच प्रश्नाने छळले. 1517 मधला पापक्षमापत्रांचा वाद जास्त गाजला; खरा गाभा 1525 मध्ये विद्वान इरॅस्मसशी झालेल्या इच्छास्वातंत्र्याच्या वादात आहे. मूळ मुद्द्यावर बोट ठेवल्याबद्दल ल्यूथरने तेथे इरॅस्मसचे कौतुकही केले.

रोमन कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये ल्यूथरच्या मतांना उत्तर दिले. कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरता येते असे म्हणणाऱ्याचा तिच्या पहिल्याच निषेधसूत्रात धिक्कार आहे. म्हणजे रोमने कृपा नाकारली, हा सरधोपट आरोप टिकत नाही. मतभेद पुढचा होता: नीतिमत्त्व विश्वासाने ख्रिस्ताचे म्हणून आपल्या हिशेबी धरले जाते, की ते आत ओतले जाऊन सत्कर्मांनी वाढते व पुण्य जोडते?

कृपेच्या शिकवणीची राखण दुसऱ्या बाजूनेही करावी लागली. कृपा आहे तर पाप करीत राहावे काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिताना स्वतःच उभा करून ठामपणे फेटाळला. याकोबाच्या पत्रात कर्मांवाचूनचा विश्वास मृत ठरतो. नाझी राजवटीतील जर्मनीत डीट्रिख बोनहोफर यांनी 1937 मध्ये स्वस्त कृपेवर टीका केली, तीही कृपेची बाजू सोडून नव्हे. कर्मे तारणाचे फळ आहेत. त्यांना मूळ मानले की गलतियाची चूक होते आणि फळच नको म्हटले की बोनहोफर यांनी दाखवलेली.

अट नेहमी बाहेरून येते असेही नाही; स्वीकारलेला धर्मच नकळत ख्रिस्ताची जागा घेऊ शकतो. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी लिहून ठेवले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे कळायला आठ वर्षे गेली.

31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च आणि जागतिक ल्यूथरन महासंघ यांनी ट्रेंटपासूनच्या या जुन्या मतभेदाविषयीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. माणूस स्वतःच्या कोणत्याही पुण्याईने नव्हे, केवळ कृपेने स्वीकारला जातो, हे दोघांनी एकत्र मान्य केले. मेथडिस्ट 2006 मध्ये आणि रिफॉर्म्ड चर्चेस 2017 मध्ये त्यात सामील झाली. सहीपूर्वी शंभराहून अधिक जर्मन प्रोटेस्टंट धर्मपंडितांनी मात्र विरोध नोंदवला होता. त्यांच्या मते ही शिकवण इतर सर्व शिकवणींची कसोटी आहे आणि घोषणापत्रात ती अनेकांपैकी एक कसोटी होऊन बसते. अमेरिकेतील मिसूरी सिनडचे ल्यूथरन चर्च या करारापासून आजही दूर आहे.