घरगुती स्मार्ट मीटर आणि पुरवठा तोडण्याचा अधिकार

महाराष्ट्रातील स्मार्ट मीटरविरोधाचा सूर प्रामुख्याने एकाच तक्रारीभोवती फिरत राहिला, ती म्हणजे नवे मीटर ‘पळते’ आणि बिल फुगते. ही तक्रार जितकी व्यापक आहे तितकी पक्की नाही, आणि सारा भर तिच्यावरच पडल्यामुळे या योजनेतील अधिक गंभीर बाबी चर्चेबाहेर राहिल्या, असे म्हणावे लागते. मीटर अचूक आहे की नाही हे चाचणीने ठरवता येते. परंतु मोजणीच्या निमित्ताने त्याच पेटीत आणखी कोणते अधिकार बसवले जात आहेत आणि ते कोणाच्या हाती जात आहेत, हा कायद्याचा आणि सार्वजनिक धोरणाचा प्रश्न आहे.

जुन्या विद्युत-यांत्रिक मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरत असे आणि तिच्या फेऱ्यांची बेरीज आकड्यांत दिसत असे. पुढे आलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरने चकती काढून टाकली, तरी घरगुती ग्राहकापुरते त्याचे काम बेरजेचेच राहिले, आणि ती बेरीज टिपून नेण्यासाठी महिन्यातून एकदा माणूस दारात येत राहिला. स्मार्ट मीटर वापराची नोंद पाव किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्यांनी ठेवते, ती मोबाइलच्या अथवा रेडिओलहरींच्या जाळ्यातून मध्यवर्ती संगणकाकडे पाठवते आणि तिकडून आलेले आदेशही स्वीकारते. त्याच्या आत असलेल्या स्विचमुळे घराचा पुरवठा कोणीही दारात न येता बंद करता येतो. म्हणजे दुरून वाचणे, वेळेनुसार मोजणे आणि दुरून तोडणे अशी तीन निरनिराळी कामे या एका यंत्रात एकवटली आहेत, आणि त्यांपैकी एकाची उपयुक्तता सिद्ध झाली म्हणून उरलेल्या दोहोंना आपोआप संमती मिळते असे नाही.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये सुधारित वितरण क्षेत्र योजना जाहीर केली. ३,०३,७५८ कोटी रुपयांच्या या योजनेत देशभर २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवण्याचे उद्दिष्ट होते. महावितरणने २०२३ मध्ये सुमारे सव्वादोन कोटी मीटरांची कंत्राटे अदानी, एनसीसी, माँटेकार्लो आणि जीनस या चार कंपन्यांना दिली आणि त्यांची एकूण किंमत सुमारे २७,००० कोटी रुपये, म्हणजे बसवणे व पुढील देखभाल धरून मीटरमागे साधारण १२,००० रुपये होती. लोकसभा निवडणुकीनंतर, जून २०२४ मध्ये, सर्वसामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवले जाणार नाहीत असे तत्कालीन उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केले, आणि त्यानंतर याच प्रकारची मीटरे पोस्टपेड पद्धतीने ‘टीओडी (टाइम ऑफ डे) मीटर’ या नावाने घरोघरी बसू लागली.

मीटर पळण्याच्या तक्रारीचा सविस्तर तपास कॅलिफोर्नियात झाला. बेकर्सफील्ड परिसरातील ग्राहकांनी २००९ मध्ये असाच आरोप केल्यावर तेथील नियामक आयोगाने स्वतंत्र चौकशी करवली, आणि २०१० च्या अहवालात मीटर अचूक ठरले. बिलवाढीमागे उन्हाळ्याची तीव्रता आणि दरवाढ होती, तर दोष आढळला तो तक्रारी हाताळण्याच्या कंपनीच्या पद्धतीत. भारतातही झिजलेले, मंद झालेले मीटर काढून नवे बसवल्यावर नोंद वाढणे स्वाभाविक आहे. तरीही वडोदऱ्यात मे २०२४ मध्ये लोक रस्त्यावर उतरल्यानंतर गुजरात सरकारला तुलनेसाठी नव्या मीटरशेजारी जुने मीटर ठेवण्याचा मार्ग पत्करावा लागला, आणि हे आधीच केले असते तर बराच संताप टळला असता.

खर्चाचा हिशेब मात्र इतक्या सहजासहजी सुटत नाही. मीटर ‘मोफत’ असल्याचे ग्राहकाला सांगितले जाते. परंतु सर्वसाधारण राज्यांना केंद्राचे अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये आहे, आणि उरलेली रक्कम कंत्राटदाराला वर्षानुवर्षे हप्त्यांनी द्यायची आहे. दहा वर्षांवर पसरवली तर ती महिन्याला सुमारे ९२ रुपये होते. वीजगळती आणि थकबाकी कमी होऊन हा खर्च भरून निघेल, असे गृहीतक त्यामागे आहे, आणि ते चुकले तर तूट वीजदरातूनच वसूल होणार. महिन्याला १०० युनिटे वापरणाऱ्या, बिल वेळेवर भरणाऱ्या घराकडून अशी कोणती गळती थांबणार आहे? अशा घरात मीटर वाचनाचा आणि बिलवाटपाचा खर्च वाचेल, अंदाजे आकारलेल्या ‘सरासरी’ बिलांचा जाच संपेल, आणि हे लाभ खरे आहेत. पण ९२ रुपयांच्या तुलनेत ते तुटपुंजे आहेत.

गळती कोठे होते हे शोधण्याचे खरे ठिकाण म्हणजे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणारी वाहिनी, आणि वस्तीजवळचे रोहित्र, जेथे विजेचा दाब घरगुती वापरायोग्य केला जातो. रोहित्रातून बाहेर पडलेली वीज आणि त्यावरील ग्राहकांची बिले यांतील तफावत कळली की आकडे कोठे पडले आहेत हे उघड होते, आणि अशा मीटरांची संख्या घरांच्या तुलनेत अगदी थोडी असते. उलट शेतीपंप या मोहिमेतून वगळले आहेत. त्यांपैकी असंख्य जोडण्यांना मीटरच नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने ठरतो, आणि या अंदाजात गळती लपवली जाते हा आक्षेप वीजक्षेत्राच्या अभ्यासकांनी राज्य वीज नियामक आयोगासमोर वर्षानुवर्षे मांडला आहे. जेथे मोजणी नाही तेथे ती न आणता जेथे आहे तेथेच ती अधिक सूक्ष्म करण्याचा हा क्रम राजकीयदृष्ट्या सोयीचा असेल, पण तर्काला धरून नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो पुरवठा तोडण्याचा अधिकार. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकाला किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. शिवाय मागणी चुकीची आहे असे वाटल्यास ग्राहक ती रक्कम, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीनुसार येणारी रक्कम, निषेध नोंदवून भरू शकतो, आणि वादाचा निकाल लागेपर्यंत त्याची वीज तोडता येत नाही. वरवर किरकोळ वाटणारी ही तरतूद म्हणजे लहान ग्राहकाची ढाल आहे, कारण वाद चालू असताना घरात दिवा जळत राहील याची हमी ती देते. प्रीपेड पद्धतीत हा क्रम उलटा होतो, म्हणजे पैसे आधी कापले जातात, शिल्लक संपली की पुरवठा थांबतो, आणि वाद घालायचा तर तो अंधारात बसून घालावा लागतो.

हा धोका काल्पनिक नाही. ऑगस्ट २०२० मध्ये, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात स्मार्ट मीटरच्या मध्यवर्ती यंत्रणेतून चुकीचा आदेश गेल्याने लाखाहून अधिक ग्राहकांची वीज गेली, आणि त्यांत बिले भरलेले ग्राहकही होते. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरात न्यायालयाच्या वॉरंटने शिरून प्रीपेड मीटर बसवले जात. आजारी आणि वृद्ध माणसांच्या घरांतही हे घडल्याचे उघड झाल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये ऑफजेम या नियामकाने ही सक्ती थांबवायला लावली. स्मार्ट मीटर असलेल्या घरात तर शिरावेही लागत नाही, दुरून दिलेल्या एका आदेशाने पोस्टपेडचे प्रीपेड होते. म्हणूनच महाराष्ट्रातील मीटर ‘आज’ पोस्टपेड आहे, या आश्वासनाचे मोल मर्यादित आहे.

वेळेनुसार दर ही कल्पना मुळात योग्य आहे, कारण दुपारी सौरऊर्जा मुबलक व स्वस्त असते आणि संध्याकाळी महाग वीज घ्यावी लागते. महाराष्ट्रात २०२५ पासून स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर युनिटमागे ८० पैसे सवलत मिळू लागली. तथापि १०० युनिटांच्या घरात एक तृतीयांश वापर दिवसा झाला, तरी ही सवलत महिन्याला २६ रुपयांच्या आसपासच राहते. चाळीत पाण्याचा पंप पालिकेचे पाणी येईल तेव्हाच लावावा लागतो, कामावरून परतलेल्या कुटुंबाचा दिवा-पंखा संध्याकाळीच लागतो. वेळ बदलणे परवडते ते वातानुकूलन, विजेवरची गाडी किंवा छतावर सौरपटल असलेल्या घरांना. केंद्राच्या २०२३ च्या सुधारित नियमांत कमाल मागणीच्या वेळी उद्योग-व्यवसाय वगळता इतर ग्राहकांना किमान १.१० पट दर लावणे अभिप्रेत आहे, हेही नजरेआड करता येत नाही.

राहिली माहितीची गोष्ट. एकाच मीटरवरील प्रवाहाच्या चढउतारांवरून घरातील उपकरणे ओळखता येतात हे एमआयटीतील जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकातच दाखवले, आणि त्यातून पाळत ठेवली जाऊ शकते हा इशाराही त्यांनीच दिला. अर्ध्या तासाच्या नोंदींतून इतके बारकावे दिसत नसले, तरी घर कधी रिकामे असते आणि माणसे कधी झोपतात हे दिसतेच. नेदरलँड्सच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीची तरतूद अडवली ती याच कारणाने. महाराष्ट्रात ही माहिती कंत्राटदाराच्या यंत्रणेतून जाते. भांडुप परिमंडलाचे कंत्राट ज्या अदानी समूहाकडे आहे, त्याच समूहाच्या कंपनीने २०२२ मध्ये मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई या भागांत समांतर वितरण परवाना मागितला होता. उद्याचा स्पर्धक आजच्या ग्राहकांच्या वापराच्या नोंदी हाताळतो, आणि याचे कोणालाही फारसे वावगे वाटत नाही, ही गोष्ट चकित करणारी आहे.

तेव्हा फीडर व रोहित्रांवर, उद्योग-व्यवसायांकडे, मोठ्या वापराच्या व सौरपटले असलेल्या घरांकडे स्मार्ट मीटर जरूर बसवावेत. लहान घरगुती ग्राहकांवर मात्र, दुरून तोडण्याला कलम ५६ ची नोटीस बंधनकारक असल्याचा आणि नोंदींचा ताबा कंत्राटदाराकडे राहणार नसल्याचा स्पष्ट आदेश वीज नियामक आयोग काढत नाही तोवर, त्यांची सक्ती करू नये. असे म्हणणाऱ्याला कायद्याबाहेरची सवलत मागण्याची गरज नाही. जो प्रीपेड मीटरमधून वीज घेण्यास तयार असेल त्याच्याकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही, असे विद्युत अधिनियमाचे कलम ४७ सांगते. म्हणजे प्रीपेड हा ग्राहकाच्या तयारीचा विषय आहे असे संसदेने २००३ मध्येच गृहीत धरले होते, आणि सक्ती आली ती नंतरच्या नियमांतून.