आधी हक्क, मग हार

दर वर्षी 31 मे रोजी महाराष्ट्रातल्या शाळा, जिल्हा परिषदा आणि सरकारी कार्यालयांतून एकाच दिवशी मोठ्या संख्येने माणसे निवृत्त होतात. याचे कारण जुन्या शाळांच्या रजिस्टरात आहे. ज्या घरांत जन्माची नोंद ठेवण्याची रीतच नव्हती, तिथल्या मुलांना जूनमध्ये शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरले आणि तारीख टाकली 1 जून. महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी सेवेतून मोकळा होतो. म्हणून 31 मे. त्या दिवशी खुर्ची सोडणाऱ्यांत अशी कितीतरी माणसे असतात, ज्यांच्या घराण्यात पगाराची नोकरी करणारे तेच पहिले.

म्हणून निरोप समारंभ बंद करा, असे मी म्हणणार नाही. ज्याचा जन्म कुणी कागदावर टिपला नाही, त्याच्या कष्टाची चार लोकांसमोर नोंद व्हावी, हे योग्यच आहे. गावाकडून भाऊबंद येतात, शेजारी येतात, शिकलेली मुले पुढच्या रांगेत बसतात. आपल्या माणसाने इतकी वर्षे कुठे आणि कशी काढली, हे घरच्यांना अनेकदा त्या एका दुपारी पहिल्यांदा कळते. असा सोहळा जपायलाच हवा. पण त्यात आपण काय करतो, कुणासाठी करतो आणि कुणाच्या खिशातून करतो, हे तपासण्याची वेळ आली आहे.

आजचा ठरीव कार्यक्रम सगळ्यांच्या परिचयाचा आहे. दारात फ्लेक्स, त्यावर ‘सेवापूर्ती गौरव सोहळा’. शाल, श्रीफळ, हार, सन्मानचिन्ह, चौकटीतले मानपत्र. मग भाषणे. ‘साहेबांनी कधी घड्याळ पाहिले नाही’, ‘आता कुटुंबाला वेळ द्या’. टाळ्या होतात, फोटो निघतात, जेवणे होतात. दुसऱ्या दिवसापासून तोच सत्कारमूर्ती हातात पिशवी घेऊन त्याच कार्यालयाच्या आस्थापना शाखेसमोर उभा राहतो. सेवापुस्तकात एका वेतनवाढीची नोंद राहिलेली असते. वेतनपडताळणी झालेली नसते. ना-देय प्रमाणपत्र कुणाच्या तरी टेबलावर अडलेले असते. काल ज्यांनी हार घातला, तेच आज ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. निवृत्त सहकाऱ्याचीच फाईल पुढे सरकवण्यासाठी लाच मागताना माणसे पकडली गेल्याच्या बातम्याही आपण वाचतो. हार घालणारे हात आणि फाईल अडवणारे हात एकाच कार्यालयाचे असतील, तर त्या हाराला अर्थ उरत नाही.

आणि ही निवृत्ती काही अचानक आलेली नसते. राज्य शासनाच्या सेवेत अ, ब आणि क गटांसाठी 58 आणि ड गटासाठी 60 हे वय ठरलेले आहे. माणूस रुजू होतो त्याच दिवशी त्याच्या निवृत्तीची तारीख काढता येते. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 यांनी कार्यालय प्रमुखावर निवृत्तिवेतनाची कागदपत्रे तारखेच्या कितीतरी आधीपासून तयार करण्याची जबाबदारी टाकली आहे. काही कारणाने प्रकरण अडलेच, तर तात्पुरते निवृत्तिवेतन सुरू करण्याची सोयही आहे. म्हणजे नियमांत उणीव नाही. हॉल महिनाभर आधी ठरतो, मानपत्राचा मजकूर आठवडाभर आधी छापायला जातो, पण सेवापुस्तक उघडायला कुणाला सवड होत नाही.

यामागे एक खोल रुजलेला गैरसमज आहे. निवृत्तीनंतर मिळणारे पैसे म्हणजे संस्थेने दाखवलेली कृपा, असे देणाऱ्याला वाटते आणि दुर्दैवाने घेणाऱ्यालाही वाटते. डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात 17 डिसेंबर 1982 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा समज खोडून काढला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठावर होते. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची बक्षिशी नव्हे, केलेल्या सेवेतून कमावलेला तो हक्क आहे, असे न्यायालयाने नि:संदिग्धपणे सांगितले. 17 डिसेंबर हा दिवस देशभरचे निवृत्त कर्मचारी पेन्शनर्स दिन म्हणून पाळतात. पण जो हक्क आहे तो वेळेवर देणे हाच पहिला सन्मान, ही साधी गोष्ट त्यानंतरच्या चार दशकांत आपल्या कार्यालयांत रुजली नाही.

कारखाने, दुकाने आणि खासगी संस्थांमध्येही फार वेगळे चित्र नाही. ग्रॅच्युइटीच्या 1972 च्या कायद्याने ठरवले की सलग पाच वर्षे सेवा झालेल्या कामगाराला, सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांची मजुरी मिळाली पाहिजे. ती देय झाल्यापासून 30 दिवसांच्या आत मिळाली पाहिजे, उशीर झाला तर व्याजासह. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही 30 दिवसांची मुदत कायम ठेवली आहे. ग्रॅच्युइटीच्या हिशेबात महिन्याचे दिवस 26 धरतात. महिना 13,000 रुपये मजुरीवर 20 वर्षे काम केलेल्या माणसाचा हिशेब मांडून पाहा. पंधरा दिवसांचे 7,500, आणि वीस वर्षांचे दीड लाख रुपये. त्याच्या घरच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे म्हातारपणाचा आधार आहे. ती बुडवून कुणी त्याच्या खांद्यावर शाल घातली, तर त्याला सत्कार म्हणता येणार नाही.

पण ज्याला ही शालही मिळत नाही, त्याच्याबद्दल आता बोलले पाहिजे. ज्या हॉलमध्ये साहेबांचा सत्कार होतो, तो हॉल सकाळी झाडणारी बाई, खुर्च्या मांडणारा पोऱ्या, फाटकावरचा रखवालदार हे बहुधा कंत्राटदाराची माणसे असतात. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटदार बदलतो. माणूस तोच, झाडू तोच, जिना तोच, पण कागदावर त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. म्हणून त्याची पाच वर्षे कधीच पुरी होत नाहीत. एक दिवस तो यायचा थांबतो. का थांबला, हे विचारायला कुणी जात नाही, कारण तो ‘आपला’ नसतो. मुंबई महापालिकेच्या 2,700 कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या आदेशावर सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब व्हायला 2017 उजाडले. त्यासाठी त्यांच्या संघटनेला वर्षानुवर्षे लढावे लागले. ‘मानधन’ घेणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला 25 एप्रिल 2022 रोजी निकाल देऊन सांगावे लागले. गावातली दोन पिढ्यांची मुले जिच्या खिचडीवर वाढली, तिच्या जाण्याची दखल घ्यायला ग्रामपंचायतीला अजूनही सुचत नाही.

आता वर्गणी. निवृत्तीचा महिना आला की कार्यालयात यादी फिरते. वरून आकडा ठरलेला असतो. नाव टाळता येत नाही, कारण यादी घेऊन आलेला माणूस उद्या रजेच्या अर्जावर सही करणार असतो. साहेबांच्या अंगठीसाठी शिपायाने पैसे द्यायचे आणि शिपाई निवृत्त झाला की त्याला घाईघाईत एक नारळ. हे नुसते अशोभनीय नाही, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत ते नियमाने निषिद्ध आहे. 1964 च्या केंद्रीय वर्तणूक नियमांतला चौदावा नियम निवृत्तीच्या वा बदलीच्या निमित्ताने खासगी, घरगुती स्वरूपाच्या निरोपाला मोकळीक देतो. पण त्याच नियमाखाली स्पष्ट बजावले आहे की अशा निरोपासाठी वर्गणी देण्याचा कोणताही दबाव कुणावर आणू नये, आणि वरच्या वर्गाच्या अधिकाऱ्याच्या समारंभासाठी वर्ग 3 आणि वर्ग 4 च्या कर्मचाऱ्यांकडून पैसे गोळा करू नयेत. साठ वर्षांपूर्वी नियम लिहिणाऱ्यांना जे दिसले होते, ते आपल्याला रोज दिसूनही आपण यादीवर मुकाट्याने सही करतो.

दुसरीकडे, खालच्या पगारावर निवृत्त होणाऱ्यावर उलटाच भार पडतो. ‘पार्टी कधी?’ हा प्रश्न महिनाभर त्याचा पिच्छा पुरवतो. गावभर फ्लेक्स, डीजे लावून मिरवणूक, पाचशे माणसांचे जेवण. भविष्य निर्वाह निधीची रक्कम हातात पडण्याआधीच पतपेढीचे कर्ज डोक्यावर चढते. कर्ज काढून जेवणावळी घालू नका, हे सांगत गाडगेबाबांनी आयुष्यभर महाराष्ट्र पालथा घातला. लग्नाच्या आणि तेराव्याच्या पंगतीतून ते कर्ज थोडेफार हटले, तोवर ते निवृत्तीच्या पंगतीत येऊन बसले. नियमित पगार ज्या महिन्यात थांबतो, त्याच महिन्यात माणसाला खर्चात ढकलणारी रूढी आपण पोसू नये.

आणखी एक जखम या समारंभात होते, आणि ती करणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. नवरा गेल्यावर अनुकंपा तत्त्वावर नोकरीला लागलेल्या कितीतरी स्त्रिया आज निवृत्त होत आहेत. पंचवीस-तीस वर्षे त्यांनी घर आणि टेबल दोन्ही सांभाळले. पुरुष सहकाऱ्याचा ‘सपत्नीक सत्कार’ होतो, सवाष्णींच्या हातून ओटी भरली जाते, कुंकू लावले जाते. या बाईची पाळी येते तेव्हा कुंकवाचे ताट तिच्यासमोरून मागे घेतले जाते. आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कर्तबगारीच्या दिवशी तिला तिच्या वैधव्याची आठवण करून दिली जाते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे 2022 मध्ये विधवांच्या अवमानकारक प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करायला सांगितले. जे एका खेड्याला जमले, ते शिकल्या-सवरलेल्या कार्यालयाला जमू नये का? कार्यालयाचा सोहळा हा कामाचा सोहळा आहे. तिथे कुणाचा नवरा हयात आहे, याचा संबंधच येत नाही.

‘लोक हौसेने करतात, तुम्ही का आडवे येता?’ असे विचारले जाईल. हौस असेल तर ती जरूर करावी, पण आपल्या पैशाने आणि आपल्या मर्जीने. जिथे नाही म्हणण्याची सोय नाही, तिथे ती हौस नसते. ‘कंत्राटी माणसांची जबाबदारी आमची नाही’ हे दुसरे उत्तर. पण कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच सांगितले. मजुरीची जबाबदारी मूळ मालकापर्यंत पोचते, तर कृतज्ञता अर्ध्या वाटेत का थांबावी?

चांगला निरोप कसा असतो, हे पाहायला दूर जावे लागत नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव, आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, 36 वर्षांच्या सेवेनंतर सप्टेंबर 2025 मध्ये निवृत्त झाल्या. आपल्या अखेरच्या फेरीत त्या राजधानी एक्सप्रेस घेऊन छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर आल्या, तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांचे स्वागत फलाटावर, इंजिनाशेजारी केले. एसटीच्या आगारातही चालकाच्या शेवटच्या फेरीला गाडी फुलांनी सजवतात आणि वाटेवरच्या गावांतले प्रवासी उतरून त्याला नमस्कार करतात. या निरोपाचे मोल खर्चात नाही. तो माणसाच्या कामाच्या जागी, त्याच्या कामाच्या साक्षीने होतो, म्हणून तो मनाला भिडतो.

म्हणून प्रत्येक कार्यालयाने, शाळेने, कारखान्याने काही गोष्टी ठरवून टाकाव्यात. समारंभाच्या व्यासपीठावर पहिली वस्तू द्यायची ती निवृत्तिवेतनाचा आदेश आणि देय रकमांचा हिशेब. तो तयार नसेल, तर का नाही आणि कधी मिळेल, हे कार्यालय प्रमुखाने सगळ्यांसमोर सांगावे. शिपाई आणि संचालक यांच्यासाठी समारंभ एकाच हॉलमध्ये, एकाच खर्चात, त्याच मानाने व्हावा. त्याचा खर्च संस्थेने कल्याण निधीतून करावा. वर्गणीची यादी फिरवूच नये. कुणाला काही द्यावेसे वाटले, तर बंद पाकिटात, नावाशिवाय द्यावे. भाषणांत साहेबांच्या गुणगानाऐवजी निवृत्त होणाऱ्याने आपले काम नव्या माणसांना सांगावे: कोणता बंधारा कुठे झिरपतो, कोणत्या गावचा नकाशा चुकलेला आहे, कोणते यंत्र पावसाळ्यात दगा देते. हे ज्ञान कोणत्याही फाईलमध्ये नसते आणि निवृत्तीबरोबर ते घरी निघून जाते.

याची सुरुवात करायला शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहू नका. पुढच्या दोन वर्षांत आपल्या इमारतीतून कोण कोण निवृत्त होणार आहे, याची यादी आजच काढा. ती फक्त हजेरीपटावरून काढू नका. सफाईवाली, रखवालदार, कॅन्टीनमधला माणूस, कंत्राटी चालक यांना वय आणि रुजू झाल्याचे साल विचारून त्यांची नावेही त्यात घाला. मग प्रत्येक नावापुढे त्याचे काय देणे आहे आणि ते कुणाच्या टेबलावर अडले आहे, हे लिहा. ते टेबल तुमचे असेल, तर उद्या सकाळी पहिली ती फाईल काढा. ज्या दिवशी त्या यादीतल्या सर्वांत शेवटच्या माणसाचाही हिशेब पुरा होईल, त्या दिवशी खुशाल हार आणा. तो घालण्याचा अधिकार तुम्ही कमावलेला असेल.